आणलं कुणी, विचारायचं कुणाला

दादरहून भुयारी मेट्रोने गिरगावला निघाले होते. सरकत्या जिन्यावर माझ्या पुढे एक वयस्कर जोडपं उभं होतं. आजींनी खाली वाकून बघितलं आणि आजोबांचा दंड घट्ट धरला. "केवढं खोल आहे हो. मे महिन्यात ते अत्रे चौकात पाणी शिरलं होतं ना, ह्याच लायनीवर?" आजोबा त्यांच्या हातावर थोपटत म्हणाले, "अगं, जपानचं काम आहे हे. आपल्या लोकांवर सोडलं असतं तर मी तुला आणलंच नसतं." आजींचा जीव भांड्यात पडला. खाली फलाटावर थंडगार हवा, चकचकीत फरशी, काचेचे दरवाजे. गाडी आली, दोघं शेजारी शेजारी बसले आणि आजी पिशवीतून आवळासुपारी काढून चघळायला लागल्या. त्यांचं झालं, पण ते वाक्य माझ्या मनातून जाईना. हा माणूस आयुष्यभर याच शहरात राहिला असणार, इथे घरपट्टी आणि इन्कम टॅक्स भरला असणार. बायकोला धीर द्यायची वेळ आली तेव्हा मात्र भरवशासाठी त्याला जपान आठवला.

खरं तर या मेट्रोतलं जपानी काय, तर मुख्यतः कर्ज. जायका या जपानी संस्थेनं दिलेलं, कमी व्याजाचं, लांब मुदतीचं. ते फेडायचं आपणच, आपल्या पुढच्या पिढीनंही. गाड्या फ्रान्सच्या अल्स्टॉम कंपनीच्या, आणि त्या बांधल्या आंध्रातल्या श्रीसिटीत. बोगद्यात रात्रपाळ्या केलेले हात बहुतेक बिहार, झारखंड, ओडिशातले. पण आजोबांच्या मनात हे सगळं एका जपानात विरघळून गेलं होतं. 26 मे 2025 ला आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी घुसलं तेव्हा उद्घाटनाला तीन आठवडेही झाले नव्हते. अर्धवट बांधलेल्या प्रवेशद्वाराकडची भिंत पडली आणि चिखलाचं पाणी फलाटापर्यंत गेलं. त्या दिवशी आमच्या इमारतीच्या ग्रुपवर, भाजीवाल्याकडे, लिफ्टमध्ये, जिथे तिथे एकच बोलणं: आपल्या ठेकेदारांनी घाण केली, आपल्याकडे असंच. जपानचं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. कर्ज तेच होतं, मार्ग तोच होता.

चांगलं ते बाहेरचं, बिघडलं ते आपलं.

हे नेहमीच असं होतं का, याचा विचार करताना मला आत्या आठवली. सत्तरच्या दशकात आम्ही परळला चाळीत राहत होतो आणि आत्या कॉलेजात होती. पहाटे ती आरेच्या सरकारी दूधकेंद्रावर बसायची. त्या काळी केंद्रावर बहुतेक अशाच मुली असायच्या, फीचे पैसे सुटावेत म्हणून आलेल्या. कधीकधी हट्ट करून मी तिच्याबरोबर जायचे. अंधारात ट्रक यायचा, तारेचे क्रेट दाणकन खाली उतरायचे, बाटल्या एकमेकींवर किणकिणायच्या. बाटलीवर पातळ चंदेरी पत्र्याचं झाकण असायचं, ते आम्ही मुलं जमवून ठेवायचो. लोक कार्ड पुढे करायचे, रिकाम्या बाटल्या द्यायचे, आणि बाटली नीट धुतलेली नसली की आत्या त्या परत करायची. समोरच्या दुकानदाराची असो की इन्स्पेक्टरच्या बायकोची. थंडीत तिची बोटं दुधाच्या गारव्यानं पांढरी पडायची. उन्हाळ्यात तक्रारी वाढायच्या: दूध पातळ लागतंय, सायच धरत नाही, नासलं. जो तो येऊन आत्याला बोलायचा. ती ऐकून घ्यायची, नासलेल्या बाटलीची नोंद करायची आणि ट्रकबरोबर आलेल्या माणसाशी दुसऱ्या दिवशी कडाकडा भांडायची. तिचं ते भांडण मला फार आवडायचं.

त्या बाटलीत युरोपही होता, हे मला फार नंतर वाचून कळलं. 1970 साली दुधाचा महापूर योजना सुरू झाली तेव्हा तिचं भांडवल म्हणजे जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत आलेली युरोपातली शिल्लक दुधाची भुकटी आणि बटर ऑइल, म्हणजे लोण्यातली निव्वळ चरबी. भुकटी 1 लाख 26 हजार टन, बटर ऑइल 42 हजार टन. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई या चार शहरांच्या डेअऱ्यांत ते पाण्यात, दुधात मिसळून विकलं गेलं, आणि विक्रीचे पैसे गुजरातेतल्या आणंदच्या, म्हणजे अमूलच्या, धर्तीवर गावोगावचे सहकारी दूधसंघ उभे करायला गेले. दान म्हणून आलेली वस्तू योजनेचे शिल्पकार वर्गीस कुरियन यांनी दान म्हणून वाटूच दिली नाही, हे मला त्या योजनेतलं सगळ्यात मोठं शहाणपण वाटतं. परळच्या चाळीतल्या बाईनं त्या दुधाचे पैसे मोजले होते, त्यामुळे तिला कुणाचे आभार मानायचे नव्हते. दूध नासलं की ती हक्कानं खिडकीवर यायची आणि खिडकीत आत्या असायची. हॉलंडच्या शेतकऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असायची गरजही नव्हती. चाळीला ते दूध 'आरेचं' होतं. म्हणजे आपलं, सरकारचं, भांडण्याजोगं.

पाण्याचंही तसंच झालं. 1973 च्या सुमारास जागतिक बँकेच्या सवलतीच्या कर्जातून मुंबईच्या पाणीपुरवठ्याचा मोठा प्रकल्प सुरू झाला. भातसा धरणाचं पाणी शुद्ध होऊन शहरभर पसरतं, त्याच्या मुळाशी ते कर्ज आहे. सकाळी नळाला पाणी आलं नाही की आपण वॉर्ड ऑफिसला फोन करतो, बँकेला नाही. (भातसाच्या काठावरच्या शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात बायका टँकरची वाट बघत बसतात. त्यांचा भरवसा कुणावर असेल, हा प्रश्न मला नळ सोडताना कधीकधी गिळता येत नाही.)

मग मधल्या काळात काय बदललं? त्याचं उत्तर मला आमच्या ऑफिसात पूर्वी चहापाणी बघणाऱ्या मावशींच्या घरी सापडलं असं वाटतं. त्या हार्बर लाइनच्या रुळांलगत राहायच्या. गाडी गेली की फळीवरची भांडी हलायची, आणि रात्री धाकट्याच्या पायाला ओढणी बांधून दुसरं टोक त्या आपल्या मनगटाला बांधून झोपायच्या, कारण तो झोपेत उठून रुळांकडे जायचा. पुढे मुंबई नागरी परिवहन प्रकल्प आला. 2002 साली जागतिक बँकेनं त्याला 54 कोटी 20 लाख डॉलर मंजूर केले. रुळांच्या कडेची आणि नव्या रस्त्यांच्या वाटेतली सुमारे 1 लाख माणसं हलवायची ठरली. झोपडीच्या दारावर रंगानं नंबर पडला, कुटुंबाला दारात उभं करून फोटो काढला, आणि मावशींना मानखुर्दकडे सात मजली इमारतीत 225 चौरस फुटांचं घर मिळालं. पक्क्या भिंती, घरात नळ, घरात संडास. पहिल्या रात्री गाडीचा आवाज नाही म्हणून मला झोप लागली नाही, असं त्या सांगतात. त्या घराचं मोल मी कमी लेखणार नाही. पोटच्या पोराच्या पायाला बांधलेली ओढणी ज्यानं सोडवली, त्या प्रकल्पाचं ऋण मला मान्य आहे.

पण लिफ्ट बंद पडली. पाण्याचा पंप बंद पडला. जिन्यातले दिवे गेले. मावशींचा गुडघा दुखायचा आणि त्या पाचव्या मजल्यावर. विचारायला गेल्या तर एक जण म्हणायचा स्वयंसेवी संस्थेला विचारा, ती संस्था म्हणायची सरकारी ऑफिसात जा, ऑफिस म्हणायचं आता तुमची सोसायटी झाली, तुमचं तुम्ही बघा. रुळाजवळ होतो तेव्हा नळ नव्हता, त्या मला म्हणाल्या, पण कुणाच्या दारात जाऊन बसायचं ते पक्कं माहीत होतं. इथे दारच सापडेना. फक्त एकदा सगळं झटपट झालं. बँकेचे साहेब वसाहत बघायला येणार असं कळलं आणि दोन दिवसांत जिने धुतले गेले, दिवे लागले, लिफ्ट वरखाली करायला लागली. साहेब आले, बायकांशी दुभाष्यामार्फत बोलले, चहा न घेता गेले. लिफ्ट थोडे दिवस चालली. त्यानंतर इमारतीतल्या बायकांनी एक युक्ती काढली. लिफ्ट फारच दिवस बंद राहिली की त्या खाली जाऊन मोठ्यानं बोलायच्या, "बँकवाले येतायत म्हणे पुढच्या आठवड्यात." कधीकधी लागू पडायचं. मावशी हे हसत हसत सांगत होत्या. मला हसू येईना.

"घर बँकेनं दिलं, ताई. लिफ्ट सरकारनं बंद पाडली."

हे त्या अगदी सहज बोलल्या, जसं आजोबा जिन्यावर बोलले. हिशेबानं बघायला गेलं तर हे खरं नाही. बँकेनं दिलं ते कर्ज, घरासाठी जागा काढली राज्यानं, आणि कर्ज फेडतो आहोत सगळेच, मावशीसुद्धा, काडेपेटीपासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत प्रत्येक गोष्टीवर कर देऊन. पण अनुभवानं बघितलं तर मावशींना खोटं कसं म्हणू? त्यांच्या आयुष्यात सरकार नीट वागलं ते बाहेरचा कुणी बघतोय म्हणून. तो निघून गेला की नाही. जपानचं नाव ऐकून आजींना जो धीर आला, तो मला वाटतं याच जातीचा आहे. पैशापेक्षा त्या पैशामागे कुणीतरी डोळ्यात तेल घालून उभं असेल यावर लोकांचा भरवसा आहे. आपल्या महापालिकेच्या, मंत्रालयाच्या मागे तसं कुणी उभं आहे असं त्यांना वाटत नाही. त्या जागी खरं तर आपणच उभं राहायचं असतं, आणि आपल्याला ती जागा आपली वाटतच नाही.

याच प्रकल्पातली कुर्ल्याची गोष्ट मला सगळ्यात जास्त बोचते. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्यात ज्यांची दुकानं जाणार होती, त्या दुकानदारांनी 2004 मध्ये थेट वॉशिंग्टनला, जागतिक बँकेच्या इन्स्पेक्शन पॅनेलकडे, म्हणजे बँकेच्या प्रकल्पांबद्दलच्या तक्रारी तपासणाऱ्या मंडळाकडे, तक्रार केली. नवी जागा धंद्याला निकामी आहे, आमचं कुणी ऐकून घेतलेलं नाही, अशी. पॅनेलचे लोक आले, त्यांनी चौकशी केली, अहवाल दिला, आणि मार्च 2006 मध्ये बँकेनं रस्ते आणि पुनर्वसन या भागांचा पैसाच थांबवला. मग मात्र हालचाल झाली आणि काही महिन्यांनी पैसा पुन्हा सुटला. कुर्ल्याहून मंत्रालय लोकलनं तासाभराच्या आत येतं. तिथे ज्यांचा आवाज पोचला नाही, तो सातासमुद्रापार पोचला आणि तिथून वळून मंत्रालयात ऐकू आला. दुकानदारांच्या चिकाटीचा मला अभिमान वाटतो आणि त्याच क्षणी पोटात खड्डाही पडतो.

ती वॉशिंग्टनची तक्रारीची खिडकीही मुळात कुणी उघडली? नर्मदेच्या खोऱ्यातल्या लोकांनी. सरदार सरोवरात बुडणाऱ्या गावांमधलं अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली आपल्याच महाराष्ट्रातलं. त्या लोकांच्या लढ्यामुळे बँकेला स्वतंत्र चौकशीसाठी मोर्स समिती नेमावी लागली. 1992 मध्ये समितीनं बँकेलाच दोष देणारा अहवाल दिला, आणि 1993 मध्ये इन्स्पेक्शन पॅनेल जन्माला आलं. पण त्याच वर्षी मार्चअखेर भारत सरकारनं उरलेलं कर्ज नको म्हणून सांगितलं. बँक गेली, धरण राहिलं. पुढची भिंत आपल्या स्वतःच्या पैशांवर चढत गेली. मणिबेलीच्या लढ्यातून उघडलेली खिडकी अकरा वर्षांनी कुर्ल्याच्या दुकानदारांच्या कामी आली, नर्मदेकाठच्या माणसांना मात्र ती बंदच होती. म्हणून बाहेरच्या पहारेकऱ्यावर विसंबून राहणं मला मनापासून पटत नाही. तो पैशाच्या पाठोपाठ येतो आणि पैशाच्या पाठोपाठ जातो. त्याला इथे मत द्यायचं नसतं, इथलं पाणी प्यायचं नसतं.

परक्या मदतीमुळे लोकांचा स्वतःच्या सरकारवरचा विश्वास उडतो, अशी भीती अभ्यासकांनाही वाटत आली आहे. पण बांगलादेशात अमेरिकेच्या पैशावरच्या एका आरोग्य प्रकल्पाविषयी देशभर पाहणी झाली होती. प्रकल्पावरचं मदत देणाऱ्यांचं बोधचिन्ह फारच थोड्यांनी ओळखलं. आणि पैसा अमेरिकेचा आहे हे स्पष्ट सांगितल्यावर स्थानिक यंत्रणेवरचा भरवसा घटला नाही, उलट वाढला. मला याचं नवल वाटलं नाही. आमच्या परळमध्येही पैसा कुठून आला यापेक्षा 'आणलं कुणी' हे जास्त मोजलं जायचं. ज्यानं आणलं तो गल्लीत भेटतो. त्याला हाक मारता येते, काम बिघडलं तर कॉलर धरता येते. हा धागा शाबूत असला तर पैसा जपानचा असो की वॉशिंग्टनचा, विश्वास घरातच राहतो. तो तुटला की प्रत्येक चांगली गोष्ट कुणीतरी बाहेरून दिल्यासारखी वाटायला लागते. आपल्याकडे तो कसा तुटला हे शोधायला फार लांब जायला नको. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षं मुंबईत नगरसेवकच नव्हते, प्रशासकाचा कारभार होता. मोठमोठे रस्ते, पूल, मेट्रो याच काळात उघडले, फिती कापल्या गेल्या, फलक लागले. शिडी लावून फलक चढवणारे बरेच दिसले. गटार तुंबल्यावर ज्याच्या घराची बेल वाजवायची, तो माणूस मात्र नव्हता.

तरी निराश व्हावंसं वाटत नाही, आणि त्याचं एक कारण वरळी कोळीवाडा आहे. सागरी किनारा मार्ग परक्या कर्जावर बांधलेला नाही, महापालिकेच्या स्वतःच्या पैशाचा आहे. म्हणजे तिथे तक्रार करायला वॉशिंग्टन नव्हतं, टोकियो नव्हतं. सी लिंकला जोडणाऱ्या पुलाच्या दोन खांबांमधलं अंतर 60 मीटर ठेवलं होतं. लाटांत होडी हेलकावत असताना एवढ्या फटीतून नेणं किती जिवावरचं आहे, ते रोज समुद्रावर जाणारा माणूसच सांगू शकतो. कोळ्यांनी ते सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं, होड्या आडव्या घालून काम अडवलं. त्यांची मागणी 160 मीटरची होती. अखेर एक खांब वगळून अंतर 120 मीटर करायचं ठरलं. मागितलं तेवढं मिळालं नाही, आणि गेलेली मासेमारीची जागा काही परत येत नाही. पण इथल्या माणसांनी इथल्या सरकारला इथेच उभं करून ऐकवलं, आणि आधी ठरलेला आराखडा बदलावा लागला. आत्या ट्रकवाल्याशी भांडायची तेव्हा मला जे वाटायचं, तेच ती बातमी वाचताना वाटलं.

मला वाटतं, दर मोठ्या कामाला कर्ज देणाऱ्यानं लावलेली असते तशी तक्रारीची खिडकी आपण आपली म्हणून मागायला हवी. मराठीत चालणारी, वॉर्डात असणारी, आणि पैसा थांबवायचा अधिकार असलेली. नुसती पोच देणारी नको. कर्ज फिटल्यावरही, फलक उतरल्यावरही ती उघडी राहायला हवी. लिफ्ट बंद पडते ती बहुतेक वेळा त्यानंतरच.

मावशींची मुलगी यंदा त्यांच्या सोसायटीची सेक्रेटरी झाली आहे. बी.कॉम. झालेली, एका खासगी दवाखान्यात हिशेब बघते. लिफ्ट पुन्हा बंद आहे. मावशी सवयीनं म्हणाल्या, खाली जाऊन बँकवाले येतायत म्हणून सांगू का? मुलगी म्हणाली, "आता बँकेचं नाव काढायचं नाही, आई. आपण राहतो इथे, एवढं पुरे आहे सांगायला." तिनं प्रत्येक मजल्यावरच्या सह्या घेतल्या, देखभाल निधीचा हिशेब मागणारा अर्ज लिहिला, देऊन आली आणि पोच प्लास्टिकच्या फायलीत लावली. त्याच फायलीत दारात उभं राहून काढलेला तो जुना फोटोही आहे. अर्जाला अजून उत्तर आलेलं नाही. पुढच्या सोमवारी इमारतीतल्या बायका मिळून ऑफिसात जाणार आहेत, उत्तर मिळेपर्यंत उठायचं नाही असं ठरवून. मी सुट्टी टाकली आहे.